चिखलातलं जुहू

मुंबईच्या विमानतळाचा जुना इतिहास लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात सांताक्रूझ होतं. ते दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलं गेलं आणि युद्धानंतर नागरी विमानं तिकडे गेली. मी मात्र त्याआधीच्या, १९२८ साली सुरू झालेल्या जुहूच्या विमानतळातच अडकलो.

१५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथमधून टपालाच्या थैल्या घेऊन इथे उतरले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलं आणि डब्यांनी टाकीत ओतलं गेलं. जुहूला थैल्या टाटांचे साथीदार वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या ताब्यात गेल्या आणि ते बेल्लारीमार्गे मद्रासला निघाले. सरकारी अनुदान नव्हतं, तरी हा हवाई टपालाचा धंदा उभा राहिला. मला त्या उड्डाणाहून जास्त नवल वाटतं ते दरवर्षीच्या बिऱ्हाडाचं. मैदान समुद्रसपाटीच्याही खाली, त्यामुळे पाऊस लागला की पाण्यातच. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचा आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून टपाल चालवायचं! हंगामी विमानतळ ही कल्पना आज कुणाच्या गळी उतरेल का?

सांताक्रूझ मोठं झालं तरी जुहूने चकवायचं सोडलं नाही. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या आणि मधलं अंतर थोडंच. १९५३च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट चुकून जुहूलाच उतरलं. काही दिवसांनी वजन हलकं करून ते उडवावं लागलं. १९७२च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तीच चूक केली. ते आखूड पट्टीवरून पुढे घसरलं आणि भंगारात गेलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीबच.

आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसं नेणारीही. इमारती कुंपणाला येऊन भिडल्यात, आणि विमानतळामुळे मजल्यांवर आलेली मर्यादा हा आसपासच्या सोसायट्यांचा जुना सल आहे. धावपट्टी समुद्रात लांबवायची योजनाही मध्यंतरी निघाली होती. पण वाटेत जुहू तारा रस्ता आणि चौपाटी. पावसाळ्याचं काय करायचं, ते अजून भरती-ओहोटीच ठरवते.