यंत्रमानवाचा डोळा

अमेरिकेतील 'फर्स्ट' ही संस्था डीन केमन यांनी 1989 साली स्थापन केली. 1992 पासून ती माध्यमिक शाळांतील मुलांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा भरवते. सामन्याच्या प्रारंभीच्या काही सेकंदांत मुलांना जॉयस्टिकला हात लावता येत नाही. यंत्रमानवाने स्वतःच पाहून नेम धरायचा असतो. 2012 च्या खेळात चेंडू टाकण्याच्या फळीवर 24 इंच रुंद व 18 इंच उंच अशी परावर्तक पट्टीची चौकट होती. ती शोधण्यासाठी अॅक्सिस एम1011 सारखा नेटवर्क कॅमेरा, म्हणजे संगणकाप्रमाणे स्वतःचा पत्ता असलेला कॅमेरा, वापरीत.

जोडणी फारशी अवघड नाही. बॅटरी 12 व्होल्टची आणि कॅमेरा 5 व्होल्टचा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवाच. कॅमेऱ्याचा मूळ पत्ता 192.168.0.90 असतो. तो बदलून संघाच्या क्रमांकानुसार द्यायचा. 1234 क्रमांकाच्या संघाला 10.12.34.11.

खरी परीक्षा पुढे आहे. शाळेच्या खोलीत अचूक नेम धरणारा यंत्रमानव स्टेडियमच्या झगमगाटात आंधळा होतो. पुष्कळ मुले मग रात्रभर प्रोग्रॅम तपासत बसतात. दोष बहुधा उजेडात असतो. परावर्तक पट्टी प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवते. म्हणून भिंगाभोवती हिरव्या एलईडींचे कडे बसवितात. आता चित्र जितके काळोखे तितके चांगले, कारण त्यात हिरवी चौकटच तेवढी उठून दिसते! पण कॅमेरा आपणहून चित्र उजळ करू पाहतो. त्यावर सोपी युक्ती अशी : भिंगासमोर प्रखर दिवा धरावा, कॅमेऱ्याने प्रकाश घेण्याचा वेळ कमी केला की त्याच क्षणी ते माप 'होल्ड' करावे. पांढऱ्या रंगाचा समतोलही तसाच गोठवावा. मग हिरव्याची छटा, गडदपणा व उजळपणा यांच्या मर्यादा ठरवाव्यात, आणि स्पर्धेच्या मैदानावर त्या पुन्हा तपासाव्यात.

अंतरासाठी त्रिकोणमिती पुरते. कॅमेऱ्याचा दृष्टिकोन 47 अंश आणि चित्राची रुंदी 320 बिंदू. 2 फुटांची चौकट 60 बिंदू व्यापत असेल तर तेथे दृश्याची रुंदी सुमारे 10.7 फूट होते. तिच्या निम्म्याला 23.5 अंशांच्या टॅनने भागले की अंतर सुमारे 12.3 फूट येते.

2023 पासून मैदानावर 'एप्रिलटॅग' ही काळ्या-पांढऱ्या चौकोनांची छापील खूण आली आहे. तिच्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखा तक्ता निरनिराळ्या कोनांतून कॅमेऱ्याला दाखवून आधी भिंगाचा वाकडेपणा मोजून घ्यावा लागतो.