सणांचे ताट आणि लहान झालेले जठर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नव्या पेठेतून चालणे म्हणजे एक कसरतच असते. कापडाच्या दुकानांतील गर्दी रस्त्यावर उतरते आणि माझ्या दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबते. पाडवा-भाऊबीज उरकली की त्याच पायऱ्या चढून रुग्ण येऊ लागतात. कोणाचे पोट बिघडलेले असते, कोणाची साखर वाढलेली असते. काही वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी असेच एक चाळिशीतील व्यापारी आले. पायऱ्या चढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, तो मी अशक्तपणाचा समजलो.

"डॉक्टर, पित्त झालंय. खाल्लेलं काही टिकत नाही. एक सलाईन लावा, संध्याकाळी दुकान उघडायचंय," ते म्हणाले.

ग्लुकोजची बाटली लावण्यास मी सांगितलेही होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "कुणाला सांगायचं नाही म्हणतात, पण मला राहवत नाही," एवढेच त्या बोलल्या. अडीच महिन्यांपूर्वी गृहस्थांनी पुण्याला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ती बाटली मी तशीच थांबवली. आधी थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि त्याच दिवशी त्यांना त्यांच्या शल्यविशारदांकडे रवाना केले.

असे का केले, हे आपण समजून घ्यावे. शरीरातील थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळविण्यासाठी पेशींना थायमिन लागते. सततच्या उलट्यांनी हा साठा संपलेला असताना नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे आणि भ्रम होणे ही तिची चिन्हे आहेत. भिंतीचा तो आधार मला वेळीच काही सांगत होता, मात्र मी तो ओळखला नव्हता. ते गृहस्थ पुढे पूर्ण बरे झाले, याचे श्रेय माझ्याकडे नाही, त्या फाइलकडे आहे.

नंतर ते मोकळेपणाने बोलले. शस्त्रक्रियेची गोष्ट त्यांनी भावंडांपासूनही लपवली होती. "लोक म्हणतील, खाणं आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं." त्यामुळे ज्या घरी जात, तिथे आग्रहाचे ताट पुढे येई. नाही म्हणता येत नसे. ते खात आणि मागच्या दारी जाऊन ओकत. वाचकहो, हा लेख त्या मागच्या दारासाठी आहे.

लपविण्यासारखे काय आहे?

२०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती बातमी वर्तमानपत्रांत उघडपणे छापून आली आणि अनेक मराठी घरांत 'बेरिॲट्रिक' हा शब्द प्रथमच ऐकू आला. त्यानंतर ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. तरीही तिच्याभोवतीचा संकोच गेलेला नाही. स्थूलता हा आळसाचा दाखला नव्हे. अनुवंश, संप्रेरके, औषधे, झोप, आहार या सर्वांतून घडणारा तो दीर्घकालीन आजार आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यास आपण हसत नाही, मग यालाच का हसावे?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या त्या भागात तयार होते, म्हणून भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न तर कमी मावतेच, शिवाय लोह, कॅल्शियम, ब-१२ यांचे शोषणही घटते.

जठर लहान होते. सण मात्र पूर्वीइतकेच मोठे राहतात. दसऱ्यापासून दिवाळी, पंढरपूरची कार्तिकी, मग भोगीची बाजरीची भाकरी, संक्रांतीची शेंगापोळी आणि होम मैदानावरचा गड्डा; आपल्या सोलापुरात हा क्रम चार महिने चालतो. एवढे दिवस माणसाने घरात दडून बसावे असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. सण जरूर करावेत, फक्त रीत बदलावी.

ताटातील क्रम

पहिला नियम प्रथिनांचा. शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ व्यक्तीस दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा. पोटात जागा थोडी, तेव्हा पहिले घास पनीर, अंडे, मासा, चिकन, दही किंवा डाळ-उसळ यांचे असावेत. नंतर भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी किंवा भात. प्रथम चकली खाऊन पोट भरले, तर त्या दिवसाची प्रथिने गेलीच म्हणून समजावे. स्नायू झिजतात, केस गळतात आणि माणूस बारीक दिसूनही दुबळा होतो.

दुसरा नियम सावकाशीचा. घास बोराएवढा घ्यावा, वीस-पंचवीस वेळा चावावा, जेवणास निदान वीस मिनिटे द्यावीत. मऊ पोळी आणि चिकट भात यांचा गोळा होऊन तो अडकू शकतो. आपली कडक भाकरी मात्र चुरून आमटीत भिजवून, नीट चावून खाल्ली तर अनेकांना चालते. हुरडा तंतुमय असतो. पहिले काही महिने तो टाळावा आणि पुढेही मूठभराच्या वर जाऊ नये. छातीत दाटल्यासारखे वाटले की तिथेच थांबावे. "एवढा एकच घास" हाच बहुधा ओकारीचा घास असतो.

तिसरा नियम पाण्याचा. जेवताना पाणी, ताक, सरबत घेऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबावे. दिवसभरात मात्र घोटाघोटाने दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवे. दिवाळीच्या खरेदीत पाण्याची बाटली घरीच राहते आणि संध्याकाळी चक्कर येते, हे मी दरवर्षी पाहतो.

गोड सरकते, भाकरी अडते

येथे एक फसगत होते. अरुंद जठर भाकरी अडविते, पण बासुंदी अडवीत नाही. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम, शीतपेये सहज खाली उतरतात. येता-जाता तोंडात टाकलेला चिवडाही असाच सरकतो. बेसनाच्या एका लाडवात साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. दिवसभर थोडे-थोडे असे खात राहिल्याने कमी झालेले वजन दोन-तीन वर्षांत परत चढल्याचे दिसते. तेव्हा फराळ डब्यातून खाऊ नये. बशीत एकदाच घ्यावा, बसून खावा आणि बशी उचलून ठेवावी.

बायपास झालेल्यांना, आणि काही स्लीव्हवाल्यांनाही, गोडाचा आणखी एक फटका बसतो. साखर एकदम आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात. यास 'डम्पिंग' म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन वाजवीपेक्षा अधिक स्रवून रक्तातील साखर घसरते आणि हात थरथरतात. पाडव्याच्या पंगतीनंतर गाडी चालविणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. चव घ्यायचीच असेल तर जेवणाच्या शेवटी, चमचाभर, तीही शल्यविशारदांनी परवानगी दिल्यावर.

उपवास, औषधे आणि पेला

कार्तिकीचा कडक उपवास पहिल्या वर्षात करू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावालाच. वजन वेगाने उतरत असताना लांबलेल्या उपाशीपणाने पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. श्रद्धाच असेल तर दूध, दही, पनीर यांवर एकादशी करावी.

जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आजन्म घ्यावयाच्या आहेत. दिवाळीची सुट्टी त्यांना नाही. लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. गावी जाताना गोळ्या कपड्यांच्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवाव्यात. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा घटलेल्या वजनाबरोबर बदलते. जुनी चिठ्ठी पाहून त्या घेऊ नयेत.

पाहुणे आल्यावर अंग दुखले म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नये. विशेषतः बायपासनंतर जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. तंबाखू आणि मावा यांनीही तेच होते. एकतीस डिसेंबरच्या मित्रमंडळींसाठी सांगतो: शस्त्रक्रियेनंतर मद्य झपाट्याने रक्तात चढते आणि दीर्घकाळ उतरत नाही, पूर्वी दोन पेल्यांत न होणारे आता एका पेल्यात होते. काहींना याच काळात व्यसन जडते. न घेणे हेच उत्तम.

चालणे सोडू नये. सिद्धेश्वर तलावाच्या काठी सकाळी अर्धा तास, आणि गड्ड्यात पाळण्यांपर्यंत पायी गेलात तर तेही हिशेबात धरावे.

केव्हा थांबू नये

चोवीस तासांहून अधिक काळ उलट्या, पाणीही न टिकणे, पोटात असह्य कळ, काळी शौचास होणे, ताप व छातीची धडधड, पोटरी सुजून दुखणे, तोल जाणे, दुहेरी दिसणे, बोलण्यात विसंगती. यांपैकी काहीही झाले तर 'सण होऊ दे, मग बघू' असे म्हणू नये. ज्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना पहिले वाक्य हेच सांगावे: "माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे." शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि घरातल्या एका माणसाला ती ठाऊक असावी.

आग्रह करणाऱ्यांसाठी

शेवटचे चार शब्द त्यांच्यासाठी, ज्यांचे जठर शाबूत आहे. आपल्याकडे प्रेम ताटात वाढले जाते. वहिनी वाढते, आत्या रागावते, बहीण म्हणते, "माझ्या हातचं एवढंसुद्धा नाही खाणार?" यातील माया खरी आहे. पण त्या मायेचा एक घास कोणाला मागच्या दारी नेत असेल, तर तिची रीत बदलली पाहिजे. लहान वाटी आणि छोटी बशी द्यावी. वाढण्याआधी विचारावे. नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये. "किती बारीक झालास!" आणि "अजून किती कमी करणार?" हे दोन्ही उद्गार चारचौघांत टाळावेत.

त्या व्यापारी गृहस्थांनी पुढच्या भाऊबिजेच्या आधी बहिणीला सारे सांगितले. भाऊबिजेनंतर ते आले, ते रक्ततपासणीचा अहवाल दाखवायला. मी विचारले, "बहीण काय म्हणाली?" ते हसले. "रडली थोडी. मग ओवाळून झाल्यावर वाटीभर दही आणि पनीरचे चार तुकडे पुढे ठेवले. म्हणाली, दादा, आधी सांगायचं नाही का?"

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी चकलीची भाजणी दळून आली असेल. आपल्या नात्यात असे कोणी असेल, तर फराळाला बोलावण्यापूर्वी त्यांना एक फोन करा आणि विचारा, "तुमच्यासाठी काय करू?"