गिटारवाला, हेवी मेटल आणि अकरावं करेक्शन

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, मी चार प्रकारची कामं करतो, तरी महिनाअखेरीला हातात काहीच का उरत नाही?" याचं उत्तर एका गिटारवाल्याकडे आहे.

पवईच्या आमच्या बॅचला चांदिवलीहून एक मुलगा यायचा. २००९ साली आयआयटीच्या मूड इंडिगोत त्याने पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड ऐकला आणि वेड लागलं. आज तो सेशन गिटारिस्ट आहे. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, आपण वाजवून द्यायचं. जीव हेवी मेटलमध्ये, पण पोटासाठी जिंगल, मालिकेचं शीर्षकगीत, सगळंच.

आणि रेट? सगळ्याला एकच!

आता मेटलचं काम कसं असतं बघा. रिदम गिटार निदान दोनदा वाजवतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. कॉपी-पेस्ट चालत नाही, कारण दोन्हीकडे तंतोतंत तेच असेल तर आवाज पसरत नाही, मधोमध येऊन बसतो. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला आठ मिनिटं बिनचूक वाजवणं आलं. सोलो वेगळा. जिंगल तीस सेकंदांचं. तरी एकच रेट, वर अकरावं करेक्शन फुकट. ग्राहक वाईट नव्हता हो, याने आकडाच सांगितला नव्हता.

मुंबईत हा धंदा जुना आहे. १९७१च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. आपण त्यांना गायक म्हणूनच ओळखतो, नाही का? २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. सेशन वादकाचा व्यवहार मात्र अजून बहुतेक वेळा एकरकमीच असतो. जे आधी लिहून घेतलं नाही, ते नंतर मागायला तोंड उरत नाही.

मग फक्त मेटल करून जगता येतं का? मुंबईचा साहिल मखिजा बघा. २००० साली त्याने डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड काढला. गातो तोच, गिटारही वाजवतो. २०१४ला बँड जर्मनीच्या वाकन महोत्सवात पोचला. पण तो एकाच खुंटीवर लटकून राहिला नाही. स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं, आणि यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाने चक्क कीटोच्या पाककृती! २०१६च्या त्याच्या सोलो अल्बमवर ड्रम्स आहेत नाइल बँडच्या जॉर्ज कोलियासचे. म्हणजे तिथे साहिल वादक तर आहेच, शिवाय दुसऱ्या वादकाकडून काम घेणाराही आहे. अष्टपैलू दोघंही, साहिल आणि आपला चांदिवलीवाला. फरक इतकाच, की साहिलच्या हातात स्वतःच्या मालकीचं काहीतरी आहे.

आमच्या गड्याने सध्या फक्त कोटेशन बदललंय. रेट गाण्यावर नाही, ट्रॅकवर. दोन करेक्शन रेटमध्ये, तिसऱ्यापासून पैसे. निम्मे पैसे आधी. अल्बमवर वादक म्हणून नाव, हे लेखी. पहिल्याच महिन्यात एक जुना ग्राहक गेला. अजून धाकधूक आहेच, रात्री मला मेसेज येतात. पण उरलेल्यांपैकी एकानेही अकरावं करेक्शन मागितलेलं नाही.

त्याच्या कोटेशनचा नमुना व्हिडिओखाली दिलाय. गिटारच्या जागी तुमची शिलाई, फोटोग्राफी, लोगो डिझाइन, जे असेल ते घाला, आणि किती करेक्शन फुकट देणार तो आकडा आजच भरा.