आधी माथा, मग पायथा

ज्वारी मोडून झाली, हरभरा-गहू घरात आला, की देशावरचे शिवार रिकामे पडते. पाडव्याला सालगड्यांचे नवे करार होतात, नांगरट सुरू होते आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत गावाच्या हाताशी दोन-अडीच महिने उरतात. माती आणि पाणी अडवण्याची कामे करायची ती याच दिवसांत. ओढे कोरडे असतात, म्हणून त्यांच्या तळात वाळू आहे, मुरूम आहे की उघडा कातळ, हे दिसते. रानात पीक नसते, म्हणून बांध घालताना कोणाचे नुकसान होत नाही. गवत वाळून बसल्यामुळे डोंगराचा खरा उतार उघडा पडतो. शिवाय गेल्या वर्षीच्या कामाचा निकालही याच सुमारास लागतो. दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. चैत्रात कोणाच्या विहिरीत किती परस पाणी आहे, त्यावरून काम कसे झाले ते कळते.

दरवर्षी या हंगामात पोकलेन मात्र आधी ओढ्यात उतरतो. तिथे पाणी साठलेले दिसते, त्याचा फोटो निघतो, उद्घाटन करता येते. डोंगरमाथ्यावरच्या चरात पाऊस संपल्यावर काहीच दिसत नाही. गावाचे पाणी ठरते ते मात्र या न दिसणाऱ्या कामावर.

एक मिलिमीटरचा हिशेब

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. हजार हेक्टरच्या गावात वर्षाला अवघा ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी ते ४०० कोटी लिटर होते. अवर्षणग्रस्त म्हणवणाऱ्या गावाच्या अंगणातही एवढे पाणी येऊन जाते. त्यातला मोठा भाग वाफ होऊन उडतो किंवा पिके आणि गवत पितात, काही वाहून जातो आणि थोडा जमिनीत मुरतो. गावाच्या हातात असते ते एवढेच, की वाहणारे पाणी थांबवून मुरणाऱ्याच्या खात्यात टाकायचे.

तोच एक मिलिमीटर मातीला लावून पाहा. रानावरचा एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर हेक्टरी सुमारे तेरा टन माती गेली. डोळ्यांना ती घट जाणवतही नाही. पण तेवढी माती तयार व्हायला निसर्गाला अनेक वर्षे लागतात. वळवाचा पाऊस हे काम तासाभरात करतो, कारण तो पडतो तेव्हा जमीन नुकतीच नांगरलेली, उघडी असते आणि थेंब जोरकस असतात. म्हणूनच नांगरट उताराला आडवी हवी आणि बांधाला सांडवा हवा. सांडव्याची जागा चुकली, तर साठलेले पाणी बांध फोडते आणि खालच्या शेतकऱ्याचे रानही घेऊन जाते.

कातळाची कंजुषी

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणावर बसला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि शेवटी अखंड कातळ. विहिरीला येणारे पाणी मुरमात आणि भेगांत असते. या खडकाची साठवण जेमतेम, आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के. त्यामुळे गावातल्या विहिरींची पातळी एक मीटरने वाढली, तर जमिनीत प्रत्यक्षात दोनेक सेंटीमीटर उंचीचेच पाणी वाढलेले असते. यात दिलासाही आहे आणि धोकाही. थोडे पाणी मुरले तरी विहीर भराभर चढते, आणि दोन-चार मोटारी जादा चालल्या तर तितक्याच भराभर उतरते.

हे थोडे पाणी वरपासूनच मुरवत आणायचे, म्हणून माती-पाणी अडवण्याच्या कामांचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असतो. सर्वांत वर, डोंगरउतारावर, सलग समतल चर. त्यांची ओळ समपातळीत आखावी लागते. त्यासाठी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट आणि तिच्या शेंड्याला दोरीने टांगलेला दगड एवढे पुरते. दोरी आडव्या पट्टीच्या मधल्या खुणेवर आली, की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत असतात. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. आकडा किरकोळ वाटतो. पण चर एका सरीत भरतो, मुरतो, रिकामा होतो आणि पुढच्या सरीला पुन्हा भरतो. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला रचायची, तिच्यावर गवताचे बी टाकायचे आणि दोन-तीन वर्षे तिथे गुरे सोडायची नाहीत. चराईबंदी नसेल, तर चर बुजायला फार दिवस लागत नाहीत.

त्याच्या खाली, घळींमध्ये, अनगड दगडांचे बांध. आणखी खाली जाळीबंद दगडांचे गॅबियन बंधारे, मग माती नाला बांध आणि सर्वांत शेवटी सिमेंटचा बंधारा. वरची कामे टाळून थेट खाली सिमेंट ओतले, तर उघड्या डोंगरावरची माती काही पावसाळ्यांतच त्या बंधाऱ्यात येऊन बसते. बारीक गाळाचा थर तळ लिंपून टाकतो. मग बंधाऱ्यात पाणी दिसते, पण ते मुरत नाही, नुसते उन्हात आटते.

साचलेला हा गाळ उन्हाळ्यात काढून रानात टाकण्याची पद्धत जुनीच आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने तिला योजनेचे रूप दिले. हलक्या, मुरमाड रानाला हा गाळ मानवतो, तिथे ओल जास्त दिवस टिकते. आधीच भारी, काळ्या रानात तो टाकून निचरा बिघडवण्यात अर्थ नाही. गाळ काढताना हात कुठे थांबवायचा, हेही कळले पाहिजे. गाळ संपल्यावर खालचा मुरूम खरवडत जाणे म्हणजे नाल्याचे नुकसान करणे.

आले पाणी, गेले कुठे?

चर, बांध, बंधारे झाले की काम निम्मे होते. उरलेले निम्मे काम पाणी वाटण्याचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची चाळीसएक एकर पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली, उतारावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याला पाणी अडवले आणि रान पिकवून दाखवले. मात्र त्यांचे मोठे काम त्यापुढचे, पाणी पंचायतीचे. पाणी जमिनीच्या मापात न देता माणशी द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही वाटा ठेवायचा, उसाला पाणी द्यायचे नाही आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. हे नियम पाळणे कोणत्याही बंधाऱ्यापेक्षा अवघड होते.

नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार टिकले तेही अशाच शिस्तीमुळे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली. गावाने शेतीसाठी बोअरवेल नको असे ठरवले, ऊस-केळी बाजूला ठेवली आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली. पाऊस कमी झाला, तर पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे आणि मगच रब्बीचा विचार करायचा.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या वर्षी कोरेगावमधले वेळू पहिले आले. उन्हाळ्यात हजारो माणसे कुदळ-फावडे घेऊन डोंगरावर चढली आणि चर, बांध, ए-फ्रेम हे शब्द घरोघरी पोचले. सरकारी पातळीवर जलयुक्त शिवार अभियान त्याआधीच सुरू झाले होते. माथा सोडून नाले खोल-रुंद करण्यावर भर दिला जातो, या आक्षेपासह अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्चूनही भूजल वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका कॅगने २०२० मध्ये ठेवला. बांधकाम मोजले गेले, पण उपसा मोजला गेला नाही, तर याहून वेगळे काय घडणार?

शेततळ्यांची गोष्टही तशीच. वाहते पाणी धरण्यासाठी काढलेले तळे उपयोगाचे. पण प्लास्टिक अंथरून त्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून भरले, तर सगळ्यांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात आटते. कागदावर दोन्ही तळी ‘जलसंधारण’च.

महाराष्ट्र दिनाला, १ मे रोजी, गावोगाव ग्रामसभा भरते. कामाच्या हंगामाच्या मधोमध आलेली ही सभा चार प्रश्नांसाठी पुरेशी आहे. डोंगरावरचे चर झाले का, की थेट नाल्यावर खर्च टाकला? जुन्या चरांची आणि बंधाऱ्यांची डागडुजी कोण करणार? गावात पर्जन्यमापक आहे का, आणि ठरावीक विहिरींची पातळी दर महिन्याला कोणी लिहून ठेवते का? यंदा पाऊस कमी पडला, तर कोणते पीक कोणी सोडायचे? पहिल्या तीन प्रश्नांना निधी, मशीन आणि श्रमदान मिळून उत्तर देता येते. चौथ्याचे उत्तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी समोरासमोर बसून द्यावे लागते. ते पाऊस पडण्याआधी ठरले पाहिजे, कारण विहिरी भरल्यावर ऊस लावू नका, हे कोणीच ऐकून घेत नाही.