फोनची बॉडी आणि आजीचे रंगीत ग्लास: टेक्नॉलॉजी एकच!

मी लोट्याचा, म्हणजे खेड तालुक्यातल्या लोटे गावचा. आज विषयही लोटे-भांड्यांचाच आहे, त्यामुळे गावाच्या नावावरचा विनोद मीच आधी करून टाकतो.

आमच्या आजीकडे लाल, हिरवे, सोनेरी असे ॲल्युमिनियमचे ग्लास आहेत. आजी त्यांना 'जर्मनचे ग्लास' म्हणते. 1950 च्या दशकात अमेरिकेत अशा रंगीत ग्लासांची मोठी फॅशन होती. तुमच्या फोनची बॉडी ॲल्युमिनियमची असेल, तर तिचा रंगही बहुतेक याच पद्धतीने आलाय. तिचं नाव ॲनोडायझिंग.

ॲनोडायझिंग म्हणजे काय?

पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ॲल्युमिनियम बुडवून त्याला करंटचं पॉझिटिव्ह टोक जोडतात. मग त्यावर ऑक्साइडचा कडक थर वाढतो. या थरात अगदी बारीक छिद्रं असतात, त्यात रंग मुरवतात. शेवटी उकळत्या पाण्यात ठेवलं की छिद्रं बंद होतात. म्हणूनच पेंटसारखे याचे पोपडे निघत नाहीत. पण थर काही मायक्रॉनचाच असतो. फोनचा कोपरा घासल्यावर पांढरट दिसतं, ते आतलं ॲल्युमिनियम!

हाताचं की मशीनचं?

काही जुन्या भांड्यांवर ठोक्यांची नक्षी असते. 1923 साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेली 'वेंडेल ऑगस्ट फोर्ज' अशा हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पुण्यात तांबट आळीतले कारागीर तांब्यावर असंच काम करतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोके फक्त शोभेचे नसतात, त्यांनी धातू कडकही होतो.

ओळखायचं कसं? फोनचा टॉर्च भांड्याला आडवा लावा आणि जवळून फोटो काढा. झूम केल्यावर प्रत्येक ठोका थोडा वेगळा दिसला तर काम हाताचं असण्याची शक्यता जास्त. तोच नमुना हुबेहूब परत परत येत असेल तर प्रेस मशीनचं. ऑनलाइन 'हँडमेड' घेतानाही हे नक्की बघा.

भंगारात देण्याआधी

भंगारवाला वजनाचे पैसे देतो, नक्षीचे नाही. त्यामुळे घरातली भांडी आधी नीट बघून घ्या. ती तारेच्या घासणीने किंवा सोड्याने घासू नका, थर निघून जातो. थर गेलेल्या ग्लासात कोकम सरबतही नको, कारण आंबट पदार्थात ॲल्युमिनियम उतरतं. असे ग्लास पेन ठेवायला वापरा.