भाग २३ : आधी डाळ, मग तांदूळ (खान्देशी खिचडी)

ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आज कोडिंग नाही, आज कुकर.

गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, धुळ्याला ऑपरेशन झालं. बहीण तिच्याजवळ थांबली आणि नरडाण्याच्या घरी उरलो मी आणि पप्पा. माझं बीटेक झालंय, पप्पांची तीस वर्षं नोकरी झालीय, आणि दोघांनाही खिचडी येत नव्हती! आईला कॅन्टीनचं जेवण जाईना. म्हणाली, "घरची खिचडी आणा रे."

कुकरची रिंग खराब झालेली. म्हणून पातेल्यात तांदूळ, तूरडाळ, पाणी, टोमॅटो, मीठ, सगळं एकदम टाकलं आणि गॅस लावला. डबा घेऊन बसने धुळ्याला गेलो. आईने एक घास खाल्ला आणि हसत म्हणाली, "डाय शिजनीच नही!" पण दुसरा घास तिने घेतला नाही. ऑपरेशन झालेलं माणूस उपाशी झोपतंय, आणि कारण माझी खिचडी. ते मला लागलं. त्या रात्री मी डिबगिंगला बसलो.

बग पहिला : क्रम. तांदूळ लवकर शिजतो, तूरडाळीला त्याहून जास्त वेळ लागतो. दोन्ही एकदम टाकले, तर डाळ मऊ होईपर्यंत तांदळाची पेज होते. जुन्या बायकांची रीत साधी होती. पाण्याचं आधण ठेवायचं, आधी डाळ टाकायची, ती बोटाने दाबली जाईल इतकी झाली की मग तांदूळ वैरायचा.

बग दुसरा : पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं. डाळीच्या पेशी ज्या पेक्टिनने चिकटलेल्या असतात, ते कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं आणि डाळ कडक राहते. यावर उपाय म्हणजे फिल्टरचं पाणी घ्यायचं आणि डाळ अर्धा तास भिजवायची. जुनी, वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेली डाळही अशीच हट्टी असते.

बग तिसरा : टोमॅटो. आंबटपणामुळेही डाळ लवकर मऊ होत नाही. टोमॅटो घालायचाच असेल, तर डाळ शिजल्यावर घाला.

आता रेसिपी, चार माणसांसाठी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ. बाकी महाराष्ट्रात मुगाची खिचडी जास्त, आपल्या खान्देशात मात्र तुरीची. आपला भाग ज्वारी-बाजरीचा, पण नवापूरकडे तांदूळही होतो आणि तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आपल्याच ताप्ती लाइनवरचं नवापूर बरं का!

दोन्ही धुऊन वेगवेगळं भिजवा. कुकरमध्ये तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे घाला. मग हळद, थोडं तिखट. नंतर डाळ-तांदूळ, मीठ आणि सात वाट्या गरम पाणी. आजारी माणसाला मऊ हवी असेल, तर नऊ वाट्या घ्या आणि तिखट कमी करा. मध्यम आचेवर चार शिट्ट्या. मग गॅस बंद. वाफ आपोआप जिरू द्या, झाकण ओढू नका. शिजण्याचं थोडं काम त्या दहा मिनिटांत होतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ-तांदूळ एकत्र टाकले तरी चालतं. पातेल्यात मात्र तो क्रमच पाळावा लागतो.

वाढताना वरून कच्चं शेंगदाणा तेल, नाहीतर लसूण-लाल मिरचीची फोडणी. सोबत कढी, पापड, कांदा. आणखी एक गंमत : तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळातून मिळतं. म्हणून ही जोडी पोटाला पुरते.

हे सगळं चालू असताना मला हैतीचा एक व्हिडिओ दिसला. कॅरिबियन समुद्रातला देश, १८०४ साली फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला. त्यांचा 'दिरी कोले आक प्वा' म्हणजे घेवड्याच्या बियांसारख्या दाण्यांचा भात. 'कोले' म्हणजे चिकटलेला. तेही दाणे आधी उकडतात आणि त्याच पाण्यात मग भात शिजवतात! आपली आधणाची रीत हीच ना? लसूण आणि हिरव्या पाल्याचं वाटण लावतात, अख्खी झणझणीत मिरची न फोडता वर ठेवतात, म्हणजे वास येतो पण जाळ होत नाही. तळाला लागलेली खरपूस खरवड तिथेही आवडीने खातात. आमच्या घरी त्यावर भांडणं होतात!

नव्या रिंगसह चौथ्या दिवशी डबा नेला. मऊ, नऊ वाट्या पाण्याची. आईने अख्खा डबा संपवला आणि बहिणीला म्हणाली, "तुलाही इतकी जमत नाही." पप्पांनी तो डबा घरी आणून स्वतः घासला.

आज आई काठी घेऊन चालते. पण गुरुवारची खिचडी आता पप्पाच करतात, आणि डाळ भिजवली का, हे मला फोन करून सांगतात. तुम्ही बाहेरगावी राहत असाल, तर एक काम करा. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईजवळ उभं राहून तिच्या हाताचं एक माप वाटीने मोजून लिहून ठेवा. गरज पडल्यावर विचारायला ती स्वयंपाकघरात असेलच, असं नाही.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर वाफ जिरू द्या!