व्यापारनीती, समाजसमावेशक

आयातशुल्क, परवाने व निर्बंध ठरविताना एकूण व्यापाराबरोबरच त्यांचा लाभ व बोजा कोणत्या समाजगटांवर पडतो, हेही विचारात घेणारी आंतरराष्ट्रीय व्यापारनीती. बांबूचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चीन व व्हिएटनाममधून येणाऱ्या काड्यांमुळे देशी उदबत्तीकाडी मागे पडली. भारत सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये उदबत्तीची आयात निर्बंधित केली व जून २०२० मध्ये बांबूकाडीवरील शुल्क १० वरून २५ टक्के केले. देशी काडीला त्यामुळे संरक्षण मिळाले. मात्र आयात काडीवर उदबत्ती वळणाऱ्या उद्योगाचा कच्चा माल महागला आणि तेथे मजुरी करणाऱ्या स्त्रियाही दुर्बल गटातल्याच.

शिवाय बंदरात आकारलेल्या शुल्काचा लाभ बांबू तोडणाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो वनावरील हक्कावर अवलंबून असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसर सिमेंटसाठी प्रसिद्ध असला, तरी या जिल्ह्याच्या व गडचिरोलीच्या जंगलांत बांबू विपुल आहे. तो दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती २०११ मध्ये आला आणि त्यानंतरच तिला आपला बांबू स्वतः विकता आला.